यादीतच नाव नाही, त्याला उदासीनता म्हणू नका

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला लेख दोनदा वाचला. नागपूरचा मतदार उदासीन आहे, सुट्टी मिळाली की कूलरपुढे बसतो, असं लेखकाने ठरवूनच टाकलं आहे.

१९ एप्रिल २०२४ला, लोकसभेच्या मतदानादिवशी, माझी ८४ वर्षांची आई सकाळी सहालाच नऊवारी नेसून, ओळखपत्र पिशवीत घालून बसली होती. शाळेतल्या केंद्रावर यादीत तिच्या नावावर आडवा शिक्का: डिलीटेड. चाळीस वर्षं आम्ही त्याच घरात राहतो. दुसऱ्या खोलीत पाठवलं, तिथून दुसऱ्या शाळेत. साडेअकराला तीच म्हणाली, "चाल बाई घरी, ऊन लागून राह्यलं." त्या दिवशी ५४ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं. न आलेल्या ४६ टक्क्यांतही आई मोजली जात नाही, कारण ती यादीतच नाही.

एका माणसाच्या निर्धाराने सगळं घडतं, यासाठी लेखकाने दीक्षाभूमीचा दाखला दिला. बाबासाहेबांचा निर्धार आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नाही. पण तेच बाबासाहेब १९५२ला मुंबईत आणि १९५४ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पराभूत झाले. तेव्हा निर्धार कमी होता का? १४ ऑक्टोबर १९५६ला, दीक्षेच्या दिवशी, आई सोळा वर्षांची होती. ती सांगते, आठ दिवस आधीपासून बाबासाहेबांच्या समता सैनिक दलाची पोरं घरोघरी येत, कोण येणार, लेकरं किती, विचारून जात. आजीने जुनं लुगडं सोड्यात उकळून पांढरं केलं. शेजारची विधवा एकटी जायला कचरत होती, तिलाही सोबत घेतलं. सगळी वस्ती इंदोऱ्याहून चालत निघाली. निर्धार बाबासाहेबांचाच, पण माणसं मैदानापर्यंत नेली ती वस्तीने. २०२४ला मत मागायला आमच्या दारात चार पक्ष आले. यादी उघडून तुमच्या आईचं नाव आहे का बघू, असं एकही म्हणाला नाही.

आईचं नाव पुन्हा यादीत घालायला नमुना ६ हा अर्ज दोनदा भरला. दुसऱ्या वेळी जन्माचा दाखला मागितला. १९४० साली आमच्या वस्तीत जन्मलेल्या मुलीचा दाखला कोण काढून ठेवणार होतं?

आणखी एक. याच विषयावरचं माझं मागचं पत्र तुम्ही निम्मं कापलं, शिवाय आईचं वय ७४ छापलं. हे पत्र कृपया पूर्ण छापावं.

एक वाचक,
इंदोरा, नागपूर