दोन बोटांच्या पहिल्या गाण्याबद्दल ताईंचे आभार

प्रिय ताई,

सादर नमस्कार.

गिटार हौसेने शिकायला घेऊन काही महिन्यांत ती कोपऱ्यात ठेवून देणारी माणसे पुष्कळ असतात आणि त्यांतील बहुतेकांना दोष आपल्या बोटांचाच वाटतो. मीही त्यांच्यातलाच होतो. म्हणूनच तुमचे आभार केवळ तुमच्यापाशी न मानता असे उघड पत्र लिहून मानावेत, असे मला वाटले. तुम्ही मला गिटार शिकवताना कोणती गाणी दिलीत आणि तीच का दिलीत, हे आणखी चार जणांना कळले, तर त्यांचीही गिटार पुन्हा हातात येईल, असा माझा विश्वास आहे.

तुमच्याकडे येण्यापूर्वी मी एका शिकवणीला जात होतो. तिथे मला माझ्या आवडीचेच एक गाणे दिले होते आणि त्याच्या दुसऱ्याच ओळीत एफ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे काही स्वर) होती. तर्जनी आडवी धरून पहिल्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरील धातूच्या पट्ट्यांनी पाडलेल्या पहिल्या घरात, सहाही तारा एकदम दाबायच्या आणि उरलेल्या तीन बोटांनी आणखी तीन जागा धरायच्या, अशी ती कॉर्ड आहे. पहिला फ्रेट नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या, अगदी लगत असल्याने तिथे तार दाबायला सर्वांत जास्त जोर लागतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. एखाददुसरी तार वाजायची, बाकीच्या मुक्या राहायच्या आणि तोवर गाणे पुढे निघून गेलेले असायचे. ‘सराव वाढवा’ एवढेच उत्तर मिळत राहिले. तिसऱ्या महिन्याअखेर मी गिटार पिशवीत घातली आणि ती दीड वर्ष बाहेर काढली नाही.

तुमच्याकडे पहिल्या दिवशी आलो, तेव्हा कोणते गाणे वाजवायचे आहे असे तुम्ही विचारले नाही. आधी माझा डावा हात पाहिलात. मग ‘अमेरिका’ या बँडचे 1971 सालचे ‘अ हॉर्स विथ नो नेम’ वाजवून दाखवलेत. त्यातली पहिली कॉर्ड ई मायनर. मधले बोट पाचव्या तारेवर, अनामिका चौथ्या तारेवर, दोन्ही दुसऱ्याच फ्रेटवर (सर्वांत बारीक तार पहिली, सर्वांत जाड सहावी). दुसऱ्या कॉर्डचे नाव लांबलचक आहे आणि ते तुम्ही त्या दिवशी मुद्दाम सांगितले नाहीत. तुम्ही फक्त म्हणालात, “फ्रेट तोच ठेवा, दोन्ही बोटे एकमेकांपासून एकेक तार लांब न्या.” मधले बोट सहाव्या तारेवर गेले, अनामिका तिसऱ्या तारेवर आली आणि कॉर्ड बदललेली होती. गाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत या दोनच कॉर्डवर चालते. पाऊण तासाने मी ते अडखळत का होईना, पण पूर्ण वाजवले. दीड वर्षापूर्वीच्या तीन महिन्यांत एकही गाणे मी शेवटपर्यंत नेले नव्हते.

त्या दिवशी मला वाटले की सोपे गाणे म्हणजे कमी कॉर्डचे गाणे. तो समजही तुम्हीच पुढच्या काही आठवड्यांत दूर केलात आणि माझ्या मते तुमची खरी शिकवण तिथे आहे. दोनच कॉर्ड असलेल्या गाण्यात त्यांपैकी एक, एफसारखीच आडव्या तर्जनीची, बी मायनर असली, तर ते नवख्याला जड जाते. उलट जी, ई मायनर सेव्हन, सी अ‍ॅड नाइन आणि डी या चार कॉर्डचे गाणे हलके जाते, कारण या चारही कॉर्डमध्ये अनामिका दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून हलतच नाही. बाकीची बोटे तिच्या आधाराने जागा बदलतात. गाणे निवडताना कॉर्ड किती आहेत, यापेक्षा एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना कोणते बोट जागेवर राहते हे आधी पाहायचे, ही दृष्टी तुम्ही दिलीत. नवशिक्यांच्या गाण्यांच्या याद्या नुसत्या कॉर्डच्या संख्येवरून केल्या जातात, याचे मला आता फार वाईट वाटते, कारण त्यामुळे कित्येकांची सुरुवातच चुकीच्या गाण्याने होते.

बॉब मार्ली यांचे 1977 सालच्या ‘एक्सोडस’ या अल्बममधील ‘थ्री लिटल बर्ड्स’ तुम्ही याच कारणासाठी घ्यायला लावलेत. त्यात ए, डी आणि ई या तीनच कॉर्ड आहेत. ए कॉर्ड पुष्कळ जण धरतात तशी न धरता तर्जनी तिसऱ्या तारेवर ठेवून धरायला तुम्ही शिकवलेत. मग डी कॉर्डला ती तिथेच राहते आणि ई कॉर्डला त्याच तारेवरून घसरून दुसऱ्या फ्रेटवरून पहिल्या फ्रेटवर येते. संपूर्ण गाण्यात ते बोट तिसरी तार सोडत नाही. हात न पाहता मी वाजवलेले हे पहिले गाणे.

सोपेपणाचा दुसरा भाग मला बॉब डिलन यांच्या 1973 सालच्या ‘नॉकिन ऑन हेवन्स डोअर’ने कळला, तो म्हणजे वेळेचा. त्यात जी दोन मात्रा, डी दोन मात्रा आणि मग ए मायनर पूर्ण चार मात्रा येते. पुढच्या फेरीत ए मायनरच्या जागी सी येते. म्हणजे दोन बदल घाईचे झाले की लगेच एक विसावा मिळतो आणि त्या चार मात्रांत पुढच्या जी कॉर्डचा विचार करता येतो. लयही संथ आहे. प्रत्येक मात्रेला कॉर्ड बदलणारे गाणे याच कॉर्डमध्ये असले, तरी ते त्या वेळी मला झेपले नसते. तुम्ही आधी मला गाणे न वाजवता फक्त जी आणि डी यांच्यात एक मिनिट अदलाबदल करून बदल मोजायला सांगितलेत. पहिल्या दिवशी अकरा झाले, तीन आठवड्यांनी अठ्ठेचाळीस. तोपर्यंत स्ट्रमिंगचा, म्हणजे उजव्या हाताने तारा छेडण्याचा, कोणताही नमुना तुम्ही दिला नाहीत. मात्रेला वरून खाली एक डाऊन स्ट्रोक, एवढेच.

उजव्या हाताबद्दल तुम्ही एकच नियम घातला होता आणि तो मात्र कडक होता: कॉर्ड चुकली तरी हात थांबवायचा नाही. मी कॉर्ड बसेपर्यंत थांबत असे आणि गाण्याचा ताल दर ओळीला तुटत असे. तुम्ही मला तुमच्या हाताजवळ कान आणायला लावून हळू वाजवून दाखवलेत, तेव्हा कॉर्ड बदलण्याआधीच्या शेवटच्या अप स्ट्रोकला (खालून वर छेडताना) तुमची बोटे तारांवरून उचललेली होती आणि मोकळ्या ताराच वाजत होत्या. गाण्याच्या ओघात ते कोणालाच खटकत नाही. सराईत वादकही बदलासाठी तेवढी सवड घेतात, हे पाहून माझ्या छातीवरचे केवढे ओझे उतरले, हे मी तेव्हा तुम्हाला सांगू शकलो नव्हतो. आज सांगतो.

कॅपोचेही असेच. मानेवर सगळ्या तारा एकदम दाबून स्वर वर चढवणारा हा चिमटा. कॅपो लावणे म्हणजे पळवाट, असे मी आधी ऐकले होते. माझा गळा जी स्वरात अवघडतो, हे ओळखून तुम्ही तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून दिलात. बोटांना ओळखीची जी कॉर्डच होती, आवाज मात्र बी फ्लॅटचा आला आणि मी पहिल्यांदा मोकळेपणाने गायलो.

या पत्राचे निमित्त मात्र मागच्या आठवड्याचे आहे. तुम्ही दिलेल्या नव्या गाण्यात सी कॉर्डनंतर ओळीच्या शेवटी, एकाच मापापुरती, म्हणजे तालाच्या एका आवर्तनापुरती, एफ आहे. तुम्ही ती चार तारांची घ्यायला सांगितलीत. तर्जनी दुसऱ्या तारेवर होती, ती किंचित आडवी करून पहिली तारही तिच्याखाली घेतली. मधले बोट चौथ्या तारेवरून तिसरीवर आले आणि अनामिका पाचवीवरून चौथीवर. पहिल्या दिवशीच्या ई मायनरसारखीच दोन बोटे एकेक तार सरकली होती, फक्त या वेळी दोन्ही एकाच दिशेने. चारही तारा वाजल्या. मी ते माप पुन्हा पुन्हा वाजवत बसलो आणि मग गाणे पहिल्यापासून घेतले. दुसऱ्या कडव्यात ती एकदा चुकली, पण हात थांबला नाही.

सहा तारांची एफ अजून माझ्याकडून स्वच्छ वाजत नाही. ती घाईने मागणार नाही. तुम्ही ज्या गाण्यात द्याल, त्या गाण्यात घेईन. येत्या रविवारी येतो, तेव्हा हे गाणे तुम्हाला पूर्ण वाजवून दाखवायचे आहे, आणि तुम्ही सोबत गायलात, तर मला फार आनंद होईल.

आपला कृतज्ञ विद्यार्थी