पप्पा, त्या ३२५ सालच्या मेसेजबद्दल

प्रिय आई-पप्पा, सलाम.

फोनवर हे सगळं नीट बोलता येणार नाही म्हणून टाइप करतेय, लांबलंय जरा, पप्पांचे डोळे दुखले तर आई तू वाचून दाखव.

पप्पा, तुम्ही फॉरवर्ड केलेला तो मेसेज आमच्या ऑफिसच्या ग्रुपवरपण फिरून गेलाय. की येशू साधा एक गुरु होता आणि रोमन बादशहा कॉन्स्टंटाइनने ३२५ साली निकेयाला (आजच्या तुर्कस्तानात) परिषद भरवून बिशपांचं मतदान घेऊन त्याला देव करून टाकलं. मेसेजचं मला काही नाही, पण त्याच्याखाली तुम्ही लिहिलंत ना, "मग आपण इतकी वर्षं कोणाची प्रार्थना केली?", ते लागलं. चाळीस वर्षं संडे स्कूल घेतलेल्या माणसाने हे विचारावं म्हणजे तुम्हाला रात्री जाग येत असणार आणि तुम्ही आईला सांगत नसणार.

तर परिषद झाली हे खरं, बादशहाने बोलावली हेही खरं, तीनशेच्या आसपास बिशप होते. पण भांडण येशू नुसता माणूस की देव यावर नव्हतंच. अलेक्झांड्रियाचा आरियस नावाचा पाळक शिकवत होता की पुत्राला पित्याने निर्माण केलं, सगळ्या सृष्टीच्या आधी केलं पण केलं, म्हणजे एकेकाळी तो नव्हता. बाकीचे म्हणाले नाही, तो निर्माण केलेला नाही, पित्याच्याच तत्त्वाचा आहे. प्रार्थना दोन्ही बाजूंचे लोक येशूची करतच होते! शेवटी पित्याच्याच तत्त्वाचा असं ठरलं, आणि त्यावर सही न करणारे बिशप दोनच राहिले. आणि ज्या बादशहाने म्हणे येशूला देव केलं, त्याने स्वतःचा बाप्तिस्मा घेतला ३३७ साली, अगदी मरायला टेकल्यावर, तोही आरियसची बाजू घेणाऱ्या बिशपकडून. आता बोला.

याच्याही दोनशे वर्षं आधीचं ऐका. निकेया ज्या बिथुनिया प्रांतात येतं तिथे प्लिनी नावाचा रोमन सुभेदार होता. साधारण ११२ साली त्याने ट्राजान बादशहाला पत्र लिहिलं की ही ख्रिस्ती माणसं ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आधी जमतात आणि ख्रिस्त देव असल्यासारखी त्याला गीत म्हणतात, यांचं करायचं काय. हा काही आपला माणूस नव्हे, विश्वास न सोडणाऱ्यांना त्याने मारलंय, मंडळीत सेवा करणाऱ्या दोन दासींचा छळ करून माहिती काढलीय. त्याने आपल्या बाजूने खोटं कशाला लिहावं? आणि बायबलमधल्या, पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय, तो देवाच्या स्वरूपाचा असूनही रिकामा झाला वगैरे, तुम्ही आमच्याकडून पाठ करून घेतला होता तो, बरेच अभ्यासक म्हणतात की ते पौलाच्याही आधीपासून मंडळीत म्हटलं जाणारं गीत असावं. म्हणजे क्रूसानंतर फार तर तीसेक वर्षं. कॉन्स्टंटाइनचा पणजोबापण जन्मला नव्हता तेव्हा.

दादाने तो काश्मीरवाला व्हिडिओ पाठवलाय ना, की येशू क्रूसावरून वाचून श्रीनगरला आला, तो डिलीट करा. १८९४ साली नोटोविच नावाच्या एका रशियन माणसाने लडाखच्या हेमिस मठात येशूची पोथी सापडली म्हणून पुस्तक छापलं, कोणीतरी जाऊन विचारलं तर तिथल्या लामाने साफ नाही म्हणून सांगितलं. श्रीनगरची एक कबर येशूचीच म्हणतात ती गोष्ट वेगळीच, पण तीपण अशीच.

पण पप्पा, एवढ्याने येशू देव होता हे सिद्ध होत नाही हां. पहिल्यापासून लोक त्याला देव मानत होते एवढंच सिद्ध होतं, आणि लोक तर काय काय मानतात. त्यामुळे मी तारखा सोडून परत मार्कचं शुभवर्तमान वाचायला घेतलं, ट्रेनमध्ये, थोडं थोडं. मला दुसऱ्या अध्यायापाशीच थांबावं लागलं. कफर्णहूमचं ते घर, दारात पाय ठेवायला जागा नाही, चौघं जण पक्षाघाताच्या माणसाला घेऊन आलेत आणि सरळ छप्पर उकरून त्याला बाजेसकट खाली सोडतात. (घरमालकाचं काय झालं असेल ते मार्क लिहीत नाही.) माणूस आलाय चालायला, आणि येशू म्हणतो मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली. बसलेले यहुदी शास्त्री मनात म्हणतात, देवाशिवाय पापांची क्षमा करणारा हा कोण? मला वाटतं त्या खोलीत सगळ्यात बरोबर प्रश्न त्यांनीच विचारला. त्या माणसाने येशूचं काही बिघडवलं नव्हतं, मग ही क्षमा करायचा हक्क याला कुठून आला? नुसता चांगला गुरु असं बोलत नाही. चांगला गुरु म्हणेल देव तुला क्षमा करो.

आणि त्याच मार्कमध्ये हाच येशू होडीत उशीवर डोकं ठेवून झोपतो, त्याला भूक लागते, शेवटचा दिवस कधी ते मलाही माहीत नाही म्हणतो, आणि क्रूसावर ओरडतो माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. मेसेजवाले हीच वचनं आपल्याला दाखवतात. दाखवू देत. देव बनवायचाच असता तर कोणी ही वचनं ठेवली असती का, आधी तीच खोडली असती. ४५१ साली खल्कदोनला बिशपांच्या आणखी एका परिषदेने ठरवलं की खरा देव आणि खरा माणूस, दोन्ही पूर्ण. कसं ते मला समजत नाही, पण एक बाजू कापली की मार्क अर्धा राहतो एवढं दिसतं. आपण चर्चमध्ये त्याची माणसाची बाजू कापतो असं माझं मत आहे, पाळकसाहेबांना राग आला तरी चालेल.

इथे मुंबईत उलटं. ऑफिसातली मैत्रीण दर बुधवारी माहीमच्या चर्चला नोव्हेनाच्या प्रार्थनेला जाते, घरी दीड दिवसाचा गणपती असतो, ती म्हणते येशू संतच ना गं. मी वाद घालत नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक नाही का म्हणायचे की ते तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. पण पुलावरून पुढे आले ना ते, १८९५ साली इथेच मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

आई, तू म्हणशील एवढं वाचायची काय गरज, मी भाकरी थापताना त्याच्याशी बोलते, तो कोण ते मला ठाऊक आहे. असेल. पप्पांना तसं जमत नाही, त्यांना आधी समजायला लागतं, आणि मी त्यांच्यावर गेलेय. त्यांना विश्वास कमी पडला असं बोलू नकोस प्लीज.

पप्पा, मार्कचा दुसरा आणि पंधरावा अध्याय लागोपाठ वाचा, मधलं सोडून, आणि काय वाटलं ते मला सांगा. नऊनंतर फोन करा, त्याआधी मी लोकलमध्ये असते, काही ऐकू येत नाही. बीपीची गोळी संपत आली असेल तर आत्ताच सांगा, मी ऑर्डर करते.

तुमची,
मोठी