अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीहून घरी, मुख्यतः सुम्याच्या डिप्लोमाच्या ॲडमिशनबद्दल

प्रिय आई, पप्पा, आज्जी आणि सुम्या,

फोनवर नीट बोलणं होतच नाही, पप्पा दोन वाक्यं ऐकतात आणि "हे घे, आईशी बोल" म्हणून फोन पुढे सरकवतात, म्हणून यावेळी सगळं टाइप करूनच पाठवतेय. सुम्याने आज्जीला मोठ्याने वाचून दाखवायचं, आणि त्याच्याबद्दलचा भाग आला की गाळायचा नाही.

आधी तब्येतीचं, म्हणजे आईचा जीव भांड्यात पडेल. मी एकदम ठणठणीत आहे. बारीक झालेले नाही, व्हिडिओ कॉलवर तसं दिसतं कारण खिडकी माझ्या मागे असते. दोन्ही वेळचं जेवण घरचं असतं, तू दिलेली चटणी अजून पुरतेय, भडंग मात्र संपलं, ऑफिसात सगळ्यांना आवडलं म्हणून जरा सढळ हाताने वाटलं. उन्हाळा कडक आहे पण कोरडा, घाम येत नाही. आणि तिकडे बातम्यांत गोळीबाराचं जे दाखवतात ते बघून दर वेळी मला मेसेज करू नका, मी ऑफिसमधून ट्रॅक्सने येते, ही इथली ट्राम, स्टेशन घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे आणि वाटेत लोक कुत्री फिरवत असतात. उलट मलाच तुमची काळजी लागून राहते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे ते मी रोज झोपायच्या आधी बघते. 2019 च्या पुरासारखी ऐनवेळची धावपळ नको, कागदपत्रं आणि आज्जीची औषधं आत्ताच वरच्या कपाटात हलवा प्लीज.

आता चर्चचं. मी चर्चमध्ये जाते असं मावशीला कळलं आणि मग तिथून ते तुमच्यापर्यंत कसं कसं पोचलं मला माहीत नाही, पण आई, मी तिथे बास्केटबॉल खेळायला जाते. धर्म वगैरे कोणी बदलत नाहीये माझा, कोणी तसं विचारलंही नाही. तुम्हाला हे खरं वाटणार नाही म्हणून नीट सांगते. इथे मॉर्मन लोकांची, म्हणजे ख्रिश्चनांमधल्या एका पंथाची, वस्ती फार, 1847 मध्ये त्यांनीच हे शहर वसवलं, आणि त्यांची चर्चेस म्हणजे आपण सिनेमात बघतो तशी उंच, काळोखी, रंगीत काचांची नसतात, साधी विटांची बैठी इमारत असते. आत एका बाजूला प्रार्थनेची खोली, बाकं लावलेली, आणि तिच्या मागच्या भिंतीला एक घडीचं पार्टिशन. ते पार्टिशन सरकवलं की पलीकडे बास्केटबॉलचं कोर्ट! लाकडी जमीन, रेषा आखलेल्या, दोन्ही टोकांना बास्केट. बहुतेक चर्चमध्ये असंच असतं. रविवारी गर्दी जास्त झाली तर पार्टिशन उघडून कोर्टावर घडीच्या खुर्च्या मांडतात आणि लोक बास्केटखाली बसून प्रवचन ऐकतात, लग्नाचं रिसेप्शनसुद्धा त्याच हॉलमध्ये होतं, नवरा नवरी उभे आहेत, फुलं लावली आहेत आणि डोक्यावर जाळी लटकतेय, मी स्वतः पाहिलंय. इथे कोणालाही त्यात काही वेगळं वाटत नाही. खेळ सुरू व्हायच्या आधी एक जण छोटीशी प्रार्थना म्हणतो, कोणाला लागू नये, भांडण होऊ नये अशी, आणि मग पाच मिनिटांत सगळे एकमेकांना कोपरं मारत असतात. रविवारी खेळ बंद. दारू नाही, सिगरेट नाही, चहा कॉफीसुद्धा पीत नाहीत हे लोक. म्हणजे आई, माझ्या सगळ्या ओळखीपाळखीत यांच्याइतकी सोज्वळ मंडळी सांगलीतसुद्धा सापडायची नाहीत. ऑफिसमधली एक मैत्रीण घेऊन जाते, आठवड्यातून एकदा बायकांचा खेळ असतो, शाळेत खेळायचे तेव्हाचं थोडंफार अजून हातात आहे. संध्याकाळी घरी एकटीने बसण्यापेक्षा बरं ना ते.

तिथे स्कोअर लिहायला सत्तरीचे एक काका बसतात. त्यांनी मला मार्क ईटनची गोष्ट सांगितली, मी मग घरी येऊन त्याच्याबद्दल मिळेल ते सगळं वाचून काढलं, आणि खरं तर हे पत्र मी त्या गोष्टीसाठीच लिहायला घेतलं. पप्पा, आता तुम्ही वाचा.

हा ईटन इथल्या युटा जॅझ टीमचा सेंटर होता, म्हणजे बास्केटजवळ उभा राहणारा सगळ्यात उंच माणूस. 7 फूट 4 इंच. जन्म 1957 चा, कॅलिफोर्नियातला. एवढी उंची म्हटल्यावर लहानपणापासूनच स्टार असेल असं वाटतं ना, पण शाळेच्या टीममध्ये त्याला फारसं खेळवलंच नाही, म्हणून त्याने बास्केटबॉल सोडला आणि ॲरिझोनात जाऊन गाड्या दुरुस्तीचा कोर्स केला. आपल्या आयटीआयसारखाच. मग परत कॅलिफोर्नियात एका टायरच्या दुकानात मेकॅनिक म्हणून लागला. विशीचा पोरगा, गाडीखाली सरपटायचं, पान्हे फिरवायचे, पगार मिळतोय, घरचेही म्हणत असतील पोरगं मार्गी लागलं. तिथे त्याला टॉम लुबिन नावाच्या माणसाने पाहिलं, सायप्रेस कॉलेज म्हणून तिथलं एक साधं दोन वर्षांचं कॉलेज, त्यात केमिस्ट्री शिकवायचा आणि बास्केटबॉलचा असिस्टंट कोच होता. ईटन आधी नाहीच म्हणत होता, शाळेतला अनुभव होताच. पण लुबिनने पिच्छा सोडला नाही आणि शेवटी हा कॉलेजात गेला, बरोबरीची पोरं कॉलेज संपवायला आली होती तेव्हा.

सायप्रेसमध्ये दोन वर्षं चांगली गेली आणि मग यूसीएलएत ॲडमिशन मिळाली, ही लॉस एंजेलिसची युनिव्हर्सिटी, बास्केटबॉलमधलं फार मोठं नाव, आणि तिथे परत तेच. बाकावर. शेवटच्या वर्षी, 1981-82 च्या सीझनला, तो 11 मॅचमध्ये मिळून फक्त 41 मिनिटं कोर्टावर होता. पप्पा, सबंध वर्षात 41 मिनिटं, कॉलेजची एक पूर्ण मॅचच 40 मिनिटांची असते. चालू नोकरी सोडून आलेला, पंचविशीचा माणूस. तुम्ही त्याचे वडील असता तर काय म्हणाला असता मला माहीत आहे, आणि मी तुम्हाला दोष देत नाहीये, कोणीही तेच म्हटलं असतं.

पण त्याच यूसीएलएच्या जिममध्ये एक गोष्ट घडली. विल्ट चेंबरलेन, बास्केटबॉलमधला अगदी देवमाणूस, तो तिथे यायचा. ईटन बिचारा छोट्या, चपळ पोरांच्या मागे पळून पळून दमला होता, कोणी हाती लागत नव्हतं. चेंबरलेनने त्याला बाजूला घेतलं, कोर्टावर बास्केटच्या पुढ्यात नेऊन उभं केलं आणि सांगितलं की ही पोरं तुला कधीच सापडायची नाहीत, तू त्यांच्या मागे पळूच नकोस, त्यांना शेवटी यायचंय कुठे, इथेच ना, तर तू इथे थांब आणि ही जागा राख, आलेला बॉल अडव, बास्केटवर आपटून परत आलेला बॉल म्हणजे रिबाउंड घे आणि बॉल पुढे नेणाऱ्या गार्डकडे देऊन टाक. ईटन नंतर आयुष्यभर सांगायचा की त्या पाच मिनिटांनी त्याचं सगळं करिअर बदललं.

मला या गोष्टीत त्याच्या उंचीपेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं. उंची तर आधीपासून होतीच की, शाळेतही होती, टायरच्या दुकानातही होती. फक्त ती कुठे लावायची हे सांगणारं कोणी भेटलं नव्हतं, आणि जे भेटले ते सगळे त्याला भलतंच काम करायला लावून वर हा मंद आहे म्हणत होते.

1982 ला नवीन खेळाडूंच्या निवडीत जॅझने त्याला चौथ्या राउंडमध्ये घेतलं, 72 वा नंबर. त्यावेळी जॅझची टीम नेहमी हरायची, पैशाचेही वांधे होते, कोच फ्रँक लेडनचा हिशोब साधा होता, बाकी सगळं शिकवता येतं, उंची शिकवता येत नाही. आणि मग या माणसाने जे केलं! ब्लॉक म्हणजे काय ते आधी सांगते, समोरच्याने बास्केटकडे टाकलेला बॉल वर चढत असतानाच हाताने अडवायचा, खाली यायला लागला की हात लावायचा नाही, लावला तर त्यांना पॉइंट मिळतात. म्हणजे नुसतं उंच असून भागत नाही, क्षण साधावा लागतो. 1984-85 च्या सीझनला ईटनने 456 ब्लॉक केले, मॅचमागे साडेपाचच्या वर, तो रेकॉर्ड आजही कोणाला मोडता आलेला नाही. त्या वर्षी सबंध एनबीएत, म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या बास्केटबॉल लीगमध्ये, डिफेन्समध्ये सगळ्यात चांगला खेळाडू म्हणून त्याला निवडलं, तेव्हा तो 28 वर्षांचा होता. 1989 ला परत तोच मान मिळाला, निवडक खेळाडूंची ऑल स्टार मॅचही त्याच वर्षी खेळला, म्हणजे बत्तिशीत. 1983-84 ला टीम पहिल्यांदा प्लेऑफला, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्यांना, गेली त्यातही तो होता. आणि एवढं सगळं होऊन पॉइंट किती करायचा, तर मॅचमागे सरासरी 6! म्हणजे बॉल जाळीत टाकणारा हा माणूस नव्हताच. काका सांगत होते, तेव्हा मॅच जुन्या सॉल्ट पॅलेसमध्ये व्हायच्या, समोरच्या टीमची पोरं सुसाट आत यायची, वर बघायची आणि बॉल तसाच घेऊन परत बाहेर पळायची. हे असलं आकड्यांत कुठेच येत नाही म्हणाले. अकरा सीझन एकाच टीमकडून खेळला, मग पाठीने आणि गुडघ्यांनी साथ सोडली. त्याच्या जर्सीचा 53 नंबर आता दुसऱ्या कोणाला देत नाहीत, इथल्या डेल्टा सेंटर स्टेडियममध्ये वर छताला टांगलाय, हिवाळ्यात ऑफिसच्या लोकांबरोबर मॅचला गेले होते तेव्हा तो दिसला होता पण तेव्हा कोण कुठला काही माहीत नव्हतं. 2021 च्या मे महिन्यात घराजवळ सायकल चालवताना पडून गेला बिचारा. काकांचे डोळे भरले होते सांगताना.

आता तुम्ही म्हणाल, त्याच्याकडे सात फूट उंची होती, आपल्या सुम्याकडे काय आहे. पप्पा, गेल्या दिवाळीत आपल्या काकांची गाडी मधेच बंद पडायची, तीन ठिकाणी दाखवली, दर ठिकाणी वेगळा पार्ट बदलला, पैसे गेले ते गेलेच. सुम्याने बॉनेट उघडलं, मोबाईलचा टॉर्च लावून मोबाईल तोंडात धरला आणि तासभर एकेक वायर बोटांनी चाचपत बसला, आणि बॅटरीच्या खालच्या अंगाला उंदराने कुरतडलेली वायर शोधून काढली. मी व्हिडिओ कॉलवर होते, मी बघितलंय. आयटीआयला असताना पुस्तकातलं पाठ होत नाही म्हणून त्याला सगळ्यांनी ढ ठरवलं. आज तोच पोरगा रात्री जागून स्कॅनरचे कोड आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांचे व्हिडिओ बघतो, आणि स्वतःहून म्हणतोय की मला डिप्लोमा करायचाय. त्याला कोणी ढकललं नाही, ना मी, ना तुम्ही.

आयटीआयवर त्याला डायरेक्ट सेकंड इयर मिळतं, दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. बावीस म्हणजे काही वय झालं नाही पप्पा. गॅरेज टाकून द्यायचं तुमच्या मनात आहे ते मला कळतं, पोरगं डोळ्यांसमोर राहील, हाताशी येईल, आणि मी इतकी लांब असताना तुम्हाला तसं वाटणं चुकीचं नाहीच. गॅरेज दोन वर्षांनी टाकता येईल, आणि तेव्हा तो जास्त चांगलं टाकेल. हे मी त्याची बाजू घ्यायची म्हणून लिहीत नाहीये, मला मनापासून वाटतं म्हणून लिहितेय.

पैशाचं. वरच्या मजल्याच्या स्लॅबसाठी मी दर महिन्याला पाठवते त्यातले यावर्षीचे पैसे सुम्याच्या फीला वळवा, स्लॅब पुढच्या उन्हाळ्यात घालू. मिस्त्रीला मी स्वतः फोन करून सांगेन, तुम्हाला वाईटपणा यायला नको. आज्जीच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे वेगळे पाठवलेत, त्याला हात लावायचा नाही, आणि "पुढच्या महिन्यात बघू" असं आज्जी म्हणाली तर ऐकायचं नाही.

कोमलच्या लग्नाला मला येता येणार नाही बहुतेक. व्हिसा स्टॅम्पिंगची तारीख मिळत नाहीये, आणि तशीच आले आणि तिकडेच अडकले तर नोकरीचं अवघड होईल. आत्याला मी अजून सांगितलेलं नाही, आई तू सांगू नकोस, मीच बोलेन तिच्याशी. तिच्यासाठी साडीचे पैसे पाठवतेय, रंग मात्र कोमललाच निवडू दे. हळदीच्या दिवशी मला व्हिडिओ कॉल लावा, इथे पहाट असेल तरी चालेल, मी उठून बसेन. आज्जी, तू नाराज होऊ नकोस गं, गणपतीलाही नाही आणि लग्नालाही नाही असं झालंय खरं, पण दिवाळीनंतर रजा मिळायची शक्यता आहे, आणि मिळाली तर सरळ घरी.

आणि ते कराडचं स्थळ. फोटो पाहिला, मुलगा चांगला वाटतो, माझं नाही म्हणणं नाहीये. पण त्यांना आत्ताच होकार कळवू नका. एकदा मला त्याच्याशी बोलू दे, घरच्यांसमोर नाही, आम्ही दोघंच, आणि तो इकडे यायला तयार आहे की मी परत यावं अशी अपेक्षा आहे हे त्याच्या तोंडून ऐकू दे. पप्पा, तुम्ही त्यांना महिनाभर थांबायला सांगा, चांगली माणसं असतील तर थांबतील.

सुम्या, फॉर्मची शेवटची तारीख नीट बघ, जातीचा दाखला आणि नॉन क्रिमीलेअर काढून ठेव, आणि कॉलेजांचा ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी मला स्क्रीनशॉट पाठव. पप्पांनी अजून हो म्हटलेलं नाही हे मला माहीत आहे, तरीपण कागद तयार ठेव.

सगळ्यांना नमस्कार.

तुमची,
वैशू

ता. क. आई, फीचे पैसे शुक्रवारपर्यंत पप्पांच्या खात्यात जमा होतील. आले की मेसेज कर, पप्पा करणार नाहीत.