आरोपीचे निवेदनही कॅमेऱ्यासमोर नोंदवले जावे : गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

१८७२ चा भारतीय पुरावा कायदा १ जुलै २०२४ रोजी इतिहासजमा झाला आणि त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. कलमांचे आकडे बदलले, पण सत्र न्यायालयात रोज ज्या कागदावरून वाद होतो, तो मात्र जुना आहे तसाच राहिला. तो म्हणजे निवेदन पंचनामा, म्हणजेच लपवलेली वस्तू दाखवण्याविषयी आरोपी जे बोलतो ते पंचांसमक्ष लिहून घेतलेला कागद. त्याविषयी आपल्या खात्याला करता येण्याजोगी एक गोष्ट सुचवण्यासाठी, फौजदारी न्यायालयात वकिली करणारा मी हे पत्र लिहीत आहे.

पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही आणि कोठडीत दिलेली कबुली दंडाधिकाऱ्यांच्या प्रत्यक्ष उपस्थितीत दिलेली असल्याशिवाय ग्राह्य धरली जात नाही. जुन्या कायद्यातील कलम २५ आणि २६ यांचा हा आशय आता कलम २३ मध्ये एकत्र आला आहे. कोठडीत माणूस काय काय कबूल करू शकतो, याची पुरेपूर जाणीव ठेवूनच हा नियम केला गेला. मात्र त्याच कलमाच्या परंतुकात, म्हणजे अपवाद सांगणाऱ्या भागात, पूर्वीचे कलम २७ जिवंत आहे. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी गोष्ट उघडकीस आली, तर त्या शोधाशी थेट निगडित असलेला माहितीचा भाग सिद्ध करता येतो.

हा अपवाद मुळात अरुंद आहे. पुलुकुरी कोट्टय्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायपीठाने, त्याची सीमा स्वातंत्र्यापूर्वीच आखून दिली होती. घराच्या छपरात लपवलेला सुरा मी काढून देतो, असे आरोपी म्हणतो तेव्हा खरा शोध सुऱ्याचा नसतो. सुरा तिथे आहे हे आरोपीला ठाऊक होते, ही गोष्ट उघड होते. ‘त्याच सुऱ्याने मी भोसकले’ हे शब्द पुराव्यात येऊ शकत नाहीत आणि तो सुरा गुन्ह्यात वापरला गेला हे सरकार पक्षाला स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते. म्हणजे सगळा भार आरोपीच्या एक-दोन वाक्यांवर येऊन पडतो. तो नेमके काय बोलला, कोणासमोर बोलला आणि पोलिसांना ती जागा आधीच माहीत होती की नव्हती, हे तीन प्रश्न सुटले तरच या पुराव्याला वजन येते.

आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहावे. पोलीस ठाण्यात दोन पंच बोलावले जातात आणि आरोपी ‘स्वखुशीने’ निवेदन करतो. ते निवेदन खेडुताचे असो की महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे, ‘हत्यार लपवून ठेवलेली जागा दाखवतो व हत्यार काढून देतो’ अशा एकाच ठाशीव भाषेत कागदावर उतरते. मग सरकारी वाहनातून सगळे निघतात, आरोपी सांगतो तिथे वाहन थांबते, झुडपातून किंवा माळ्यावरून हत्यार निघते, ते कागदात गुंडाळून लाखेने सीलबंद होते आणि पंचांच्या सह्या होतात. दोन-चार वर्षांनी तोच पंच साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि उलटतपासात सांगतो की सही माझी आहे, पण मजकूर मला वाचून दाखवला नव्हता. सरकारी वकील त्याला फितूर घोषित करण्याची परवानगी मागतात. तो आज खोटे बोलतो आहे की त्या दिवशीचा कागदच खोटा होता, हे ठरवायला न्यायाधीशांजवळ तपासी अंमलदाराच्या शब्दापलीकडे फारसे काही उरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रामानंद ऊर्फ नंदलाल भारती प्रकरणात हीच दुखरी नस दाबली. पंच आधी बोलवावेत, त्यांच्यासमक्ष आरोपीचे शब्द शक्यतो जसेच्या तसे टिपावेत आणि मगच शोधासाठी निघावे, असे त्या निकालात स्पष्ट सांगितले आहे. तरीही कागदाला कागदाच्या मर्यादा आहेतच.

फौजदारी प्रक्रियेच्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण बंधनकारक केले, हे योग्यच झाले. पण त्या कलमाची भाषा झडती घेणे, वस्तू ताब्यात घेणे आणि त्यांची यादी करणे एवढ्यापुरती आहे. पोलीस ठाण्यात आरोपी तोंड उघडतो तो क्षण त्यात स्पष्टपणे येत नाही. परिणामी झुडपातून कोयता निघताना दिसेल, परंतु तिथे जाण्याचा निर्णय आरोपीच्या बोलण्यावरून झाला की पोलिसांना असलेल्या आधीच्या माहितीवरून, हे दिसणार नाही. एका अर्थी हे जुन्या स्थितीपेक्षाही धोक्याचे आहे, कारण जप्तीचे स्वच्छ चित्रण पाहून निवेदनही तितकेच स्वच्छ असेल असा समज सहज होतो.

माझी विनंती यासाठीच आहे. कायदा केंद्राचा असला, तरी तपास कसा करावा याविषयी स्थायी आदेश काढणे राज्याच्या हातात आहे. पंचांचे आगमन, आरोपीचे निवेदन, वाहनाचे प्रस्थान आणि जप्ती हे सर्व एकाच सलग चित्रीकरणात यावे, आणि चित्रण मध्ये थांबवावे लागले तर त्याचे कारण तिथेच स्टेशन डायरीत नोंदवावे, असा आदेश आपण काढावा. आरोपीच्या भाषेत, त्याच्या तोंडचे शब्द ऐकू आले पाहिजेत. तो अहिराणीत बोलला असेल तर चित्रणात अहिराणीच हवी. त्या बोलण्यात कबुलीचा भाग आला तर तो पुराव्यात येणार नाही, याची काळजी न्यायालयाने घ्यायची आहे. त्या भीतीपोटी चित्रणच टाळणे मला पटत नाही.

दुसरी बाब चित्रणासारख्या इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्याव्या लागणाऱ्या प्रमाणपत्राची आहे. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत, त्यांपैकी दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाल्यास बदलणारा तिचा ओळख-संकेत, नमूद करावे लागते. मूळ उपकरण हजर केले नसेल तर असे प्रमाणपत्र अनिवार्य आहे, हे जुन्या कायद्याखाली, जालन्याच्या निवडणूक वादातून उद्भवलेल्या २०२० च्या अर्जुन खोतकर निकालात ठरले. पोलीस ठाण्यांत असा तज्ज्ञ वेळेवर मिळाला नाही, तर सरकारनेच घेतलेले चित्रण सरकार पक्षाला वापरता येणार नाही आणि त्याचा दोष पुन्हा न्यायालयाच्या माथी मारला जाईल. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांतील मनुष्यबळाचा विचार या अंगानेही व्हावा.

अंमलदारांची अडचण मला दिसते. रात्री-अपरात्री तपास, हाताशी स्वतःचाच मोबाइल, त्यात बंदोबस्त. तपासातील चित्रणासाठीच्या ई-साक्ष्य या सरकारी ॲपने यातले काही सोपे केले आहे, सर्व नाही. पण आज जो अंमलदार प्रामाणिकपणे पंचनामा करतो, त्यालाही उलटतपासात ‘सर्व पंचनामे तुम्ही ठाण्यात बसून लिहिले’ हे ऐकून घ्यावे लागते. कॅमेऱ्याचा पहिला फायदा त्यालाच होईल.

प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसताना ज्यावर खटला उभा राहतो त्या परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या ज्या शरद बिर्धीचंद सारडा निकालाने १९८४ मध्ये घालून दिल्या, तो खटला याच राज्यातून गेला होता. आरोपी दोषी ‘असू शकेल’ आणि ‘असलाच पाहिजे’ यांतील अंतर त्या निकालाने अधोरेखित केले. हत्याराची जप्ती ही पुराव्याच्या साखळीतील अनेकदा सर्वांत महत्त्वाची कडी असते आणि ती आज पंचाच्या स्मरणशक्तीवर टांगलेली आहे.

चित्रणाची प्रत दोषारोपपत्रासोबतच आरोपीला मिळावी, तीही मागणी अर्ज आणि तारखा यांत महिने न घालवता, एवढी तरतूद त्याच आदेशात करावी. आदेशाचा मसुदा करताना सरकारी अभियोक्त्यांबरोबरच बचाव पक्षाच्या वकिलांचेही म्हणणे ऐकून घ्यावे, अशी विनंती आहे.

आपला,
सत्र न्यायालयातील एक वकील