लक्षद्वीपच्या जहाजांविषयी केंद्रीय नौवहन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय बंदरे, नौवहन व जलमार्ग मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

लक्षद्वीपच्या जहाजांचे वेळापत्रक तेथील प्रशासन ठरवते आणि ते प्रशासन गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, याची मला कल्पना आहे. तरीही हे पत्र मी आपल्यालाच लिहीत आहे, कारण जहाजांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणारी यंत्रणा, जहाजे बांधणारे व दुरुस्त करणारे कोचीन शिपयार्ड आणि ती चालवण्याचा दीर्घ अनुभव असलेले भारतीय नौवहन महामंडळ ही तिन्ही आपल्या मंत्रालयाशी जोडलेली आहेत. लक्षद्वीपची राजधानी कवरत्ती येथील धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाला मंत्रालयांच्या हद्दींशी काही कर्तव्य नसते. जहाज कधी लागणार एवढेच त्याला समजून घ्यायचे असते.

या द्वीपसमूहातील दहा बेटांवर वस्ती आहे, 2011च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या सुमारे 64 हजार आहे आणि कोचीपासूनचे अंतर बेटागणिक साधारण 220 ते 440 किलोमीटर भरते. विमानतळ एकट्या अगत्तीला आहे आणि त्याची धावपट्टी जेमतेम 1,200 मीटर लांब असल्याने तेथे लहान विमानेच उतरू शकतात. हेलिकॉप्टर अत्यवस्थ रुग्णांना उपयोगी पडते, परंतु परीक्षेला निघालेला विद्यार्थी, बाळंतपणासाठी माहेरी जाणारी मुलगी किंवा न्यायालयाची तारीख असलेला शेतकरी यांना जहाजाखेरीज दुसरा मार्ग नाही. रस्त्याने किती उत्पन्न दिले असा हिशेब आपण मुख्य भूमीवर मांडत नाही, मग तो जहाजाच्या बाबतीत का मांडावा?

सातशे प्रवाशांची ‘एमव्ही कवरत्ती’, चारशेंच्या क्षमतेची ‘लगून्स’ आणि ‘कोरल्स’, अडीचशेंची ‘अरेबियन सी’ आणि ‘लक्षद्वीप सी’ अशी जहाजे या मार्गावर आली खरी; परंतु गेल्या काही वर्षांत त्यांपैकी काही एकाच वेळी दुरुस्तीत अडकली, तेव्हा तिकिटासाठी कोचीत आणि बेटांवर माणसे दिवसेंदिवस खोळंबली. जहाजाला गोदीत जावे लागणे हा काही अपघात नव्हे. जहाजाच्या ठरावीक तपासणीच्या तारखा कितीतरी आधी ठाऊक असतात, आणि म्हणूनच बदली जहाजाची तजवीज नसणे हा नियोजनातील दोष मानावा लागतो.

माझे मुख्य म्हणणे मात्र कोचीच्या फेऱ्यांविषयी नाही. वेळापत्रक मुख्य भूमीभोवती आखले गेले की शेजारची बेटेच एकमेकांना दूर पडतात. अमिनी आणि कदमत या शेजारच्या बेटांमधील समुद्र तास-दीड तासात ओलांडण्याजोगा आहे. तरीही मोठ्या जहाजाच्या मार्गात दोन्ही बेटे सोयीच्या क्रमाने आली तरच त्याच्यावर विसंबून तेथील माणसाला सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येते. बित्रासारख्या चिमुकल्या बेटाची आणि कल्पेनीपासून सुमारे दोनशे किलोमीटर दक्षिणेला, ‘नऊ अंश खाडी’ या रुंद सागरी पट्ट्यापलीकडे असलेल्या मिनिकॉयची अडचण तर याहून मोठी आहे. बेटाबेटांमध्ये वेगवान नौका चालतात हे खरे, पण पावसाळ्यात समुद्र खवळला की त्या बांधून ठेवाव्या लागतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत दुसरा पर्याय उरलेला नसतो.

उतरण्याची तऱ्हाही लक्षात घ्यावी. प्रवाळाच्या कडेमुळे मोठे जहाज लगूनच्या उथळ पाण्यात शिरू शकत नाही. बेटाच्या पूर्वेकडे, म्हणजे लगून नसलेल्या बाजूला, धक्का नसेल, किंवा असूनही लाटा जहाजाला तेथे टेकू देत नसतील, तर वृद्ध, आजारी आणि कडेवर मूल घेतलेल्या बायका यांना हेलकावणाऱ्या होडीत उतरावे लागते. नवे जहाज घेताना त्याची प्रवासीक्षमता पहिल्या ओळीत येते आणि ते कोणत्या धक्क्याला, कोणत्या ऋतूत लागू शकेल हे खाली कुठेतरी येते. हा क्रम उलटा करावा, असे मला वाटते.

कोची शहरालगतच्या बेटांसाठी एप्रिल 2023मध्ये विजेवर चालणारी वॉटर मेट्रो सुरू झाली आणि तिच्या बोटी कोचीन शिपयार्डनेच बांधल्या. शांत बॅकवॉटर आणि खुला अरबी समुद्र यांची तुलना होत नाही, हे मान्य आहे. पण दोनशे-अडीचशे प्रवाशांचे, पावसाळी समुद्रात टिकणारे आणि केवळ बेटाबेटांमध्येच फिरणारे जहाज बांधणे या शिपयार्डला अशक्य असेल असे कोण म्हणेल? युरोपीय संघाच्या 1992च्या सागरी वाहतूक नियमावलीनुसार बेटांच्या मार्गांवर कोणती बंदरे घ्यायची, फेऱ्या किती व किती नियमित असाव्यात, क्षमता आणि भाडे किती असावे हे सार्वजनिक सेवेचे बंधन म्हणून घालता येते. आपल्याकडेही प्रत्येक वस्तीच्या बेटासाठी किमान फेऱ्यांची अशी लेखी हमी असावी, पावसाळ्याचे महिने तिच्यात वेगळे नोंदवलेले असावेत आणि फेरी रद्द झाल्यास पर्यायी जहाज कोणी द्यायचे हेही तिच्यात स्पष्ट असावे.

गृह मंत्रालय आणि लक्षद्वीप प्रशासन यांच्यासह आपण एक संयुक्त बैठक बोलवावी, बेटांवरील निर्वाचित प्रतिनिधींना तिला पाचारण करावे आणि येत्या पावसाळ्यापूर्वी गोदी-दुरुस्तीचे वेळापत्रक बदली जहाजाच्या नावासह जाहीर करावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक नागरिक