आत्या, वहिनीला समजवायला मला सांगू नकोस

कॉर्क, आयर्लंड
वटपौर्णिमेनंतरचा रविवार

तीर्थस्वरूप आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा निरोप मिळाला. फोनवर हा विषय निघाला की तू रडायला लागतेस, मग मी 'बरं, बघते' म्हणून फोन ठेवते आणि तू वाडीभर सांगतेस की भाची तयार झाली. म्हणून हे पत्र. नातवाला वाचून दाखवायला सांगू नकोस. चष्मा लाव आणि पडवीत बसून स्वतः वाच.

वहिनीला फोन करून 'दादाकडे परत जा' असं मी सांगणार नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू त्या आशेवर वाचायला नको.

दादाने तुला पढवलंय की हल्ली लग्नाबाहेर संबंध ठेवणं हा गुन्हा राहिलेला नाही, सुप्रीम कोर्टानेच तसं सांगितलंय. अर्धं खरं आहे. २७ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांनी दंडसंहितेचं ४९७ कलम रद्द केलं. पण त्या कलमात होतं काय, हे त्याने तुला सांगितलं का? इंग्रजांनी १८६० साली केलेला तो कायदा. दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवले तर त्या बाईच्या नवऱ्याने त्या पुरुषावर तक्रार करायची, पाच वर्षांपर्यंत कैद. नवऱ्याची संमती असली तर गुन्हाच नाही. आणि जिचा नवरा बाहेर गेला, त्या बायकोला तक्रार करायची सोयच नव्हती. आपली गाय शेजाऱ्याने स्वतःच्या गोठ्यात बांधली म्हणून करावी, तशी ती फिर्याद. १९८५ साली यशवंतराव चंद्रचूड सरन्यायाधीश असताना कोर्टाने हे कलम राखलं होतं, आणि २०१८ च्या पाचांत त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. बापाने राखलेलं लेकाने मोडलं. बरं केलं.

आता दादाचं बघ. ज्या बाईशी त्याचे संबंध, ती घटस्फोट घेतलेली. जुनं कलम असतं तरी दादाच्या केसाला धक्का लागला नसता, कारण तिला नवराच नाही, तक्रार करणार कोण? वहिनीला त्या कायद्यात तेव्हाही जागा नव्हती. तिला जागा आहे ती १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात. नवऱ्याने किंवा बायकोने बाहेर संबंध ठेवले तर दुसऱ्याला घटस्फोट मागता येतो, आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर त्याला एक वेळचा प्रसंगही पुरतो. ते कुणी पुसलेलं नाही. तुरुंगात घालत नाहीत म्हणजे चुकलं काहीच नाही, हा हिशेब त्याने कुठून काढला? घरात खोटं बोललं म्हणूनही कुणी कुणाला तुरुंगात घालत नाही.

तुझं दुसरं म्हणणं मला जास्त जड जातं. 'मी नाही का सोसलं?'

सोसलंस. बाबा सांगायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, मी तान्ही होते. लालबाग-परळच्या खोल्या रिकाम्या होत गेल्या, आपल्या वाडीतले चाकरमानी ट्रंका घेऊन एसटीने परत आले. कुणी काजूच्या बागेत मजुरी धरली, कुणी हर्णैच्या बंदरात टोपल्या उचलल्या. सगळे आले, आतोबा आले नाहीत. पगार बंद, मनिऑर्डर बंद, तरी हा माणूस मुंबईत काय खातो आणि कुणाच्या चुलीवर खातो, हे वाडीला कुणी सांगावं लागलं नाही.

तोवर तू काय करत होतीस? दोन पोरं, सासूचं दमा लागलेलं आजारपण, लावणी, गवत. विहिरीवर जायचीस ती नणंदेला सोबत घेऊन. ती सोबत नव्हती आत्या, तो पहारा होता. चाकरमान्याची बायको दुपारी कुणाशी दोन शब्द जास्त बोलली तरी आठवड्याच्या आत ते पत्रातून मुंबईला पोचायचं. मुंबईच्या खोलीत काय शिजतंय ते गावाला कळायला मात्र एवढा मोठा संप लागला.

आतोबा गेले तेव्हा मी नर्सिंगला होते. तेराव्याला त्यांची मुंबईची ती बाई आली. तिचं तोंड मला आता आठवत नाही, हातातली नायलॉनची पिशवी आठवते. तीत त्यांचं घड्याळ, दोन शर्ट आणि फंडाचे कागद होते. सगळी भावकी खळ्यात उभी, कुणी हलेना. तू उठलीस, तिला माजघरात नेलंस आणि चहा दिलास. ती गेल्यावर जो तो म्हणायला लागला, केवढं मन! रात्री मागच्या दारी भांडी घासताना तू मला म्हणालीस, 'कागद मिळाले, सुटले. बाकी काय तिचं नि काय माझं.' मला त्यात मोठं मन दिसलं नाही, मला तू थकलेली दिसलीस. आणि त्या थकलेल्या बाईचा दाखला आता भावकी वहिनीला देते आहे. तुला विचारून देते का?

बरं, हे असं दोन मापांनी मोजणं कुणाला तेव्हा खटकलं नव्हतं असंही नाही. आपल्या शेजारच्या मुरुडचे रघुनाथ कर्वे, महर्षींचे चिरंजीव. त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात व्यभिचाराच्या प्रश्नावर लिहिलं म्हणून १९३१ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, दंडही झाला. नवऱ्याला जे चालतं ते बायकोला का नाही, असं विचारणारा माणूस आपल्याच किनाऱ्यावरचा. त्यांचं सगळं मला पटत नाही. मत्सर वगैरे सोडून द्यावं म्हणणं सोपं; रात्री दोन वाजता नवऱ्याचा फोन हातात धरून बसलेल्या बाईला ते जाऊन सांगा. पण बायकोला एक नियम नि नवऱ्याला दुसरा, हे त्यांना खपत नव्हतं, तेवढ्यापुरती मी त्यांच्या बाजूची.

'तुमच्या तिकडे असलं कोण बघतं' असं म्हणालीस, त्याचं मला हसू आलं. अगं, या देशात १९९५ पर्यंत घटस्फोटच नव्हता, घटनेतच बंदी होती. १९८६ साली लोकांना विचारलं तर ते नको म्हणाले. १९९५ च्या नोव्हेंबरात पुन्हा विचारलं तेव्हा सगळ्या देशात मिळून जेमतेम ९,००० मतांच्या फरकाने तो आला. आणि १९८१ पर्यंत इथला नवरा बायकोच्या मित्रावर दावा लावून पैशांत नुकसानभरपाई मागू शकत होता. गाय नि गोठा इथेही होताच! आता मात्र कोर्ट घटस्फोट देताना कोण चुकलं ते विचारत नाही. गेल्या तीन वर्षांतली दोन वर्षं वेगळं राहिलात का, पुन्हा जुळायची आशा आहे का आणि दोघांची नि मुलांची सोय नीट लागली का, एवढंच बघतं.

म्हणून इथे कुणाला काही वाटत नाही? माझ्याबरोबरच्या एका आयरिश नर्सच्या नवऱ्याचं असंच उघडकीला आलं. औषधाच्या ट्रॉलीवर गोळ्या मोजता मोजता ती थांबली आणि मोजलेल्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. दोनदा. मग सिस्टरने ट्रॉली काढून घेतली. कुणी तिला 'आजकाल एवढं मनाला लावून घेत नाहीत' असं म्हणालं नाही. आळीपाळीने तिच्या रात्रपाळ्या घेतल्या आम्ही.

तुझा खरा प्रश्न, तू तो तसा विचारला नाहीस, पण तोच आहे: आता कायदा नाही, पहारा नाही, बाई कमावते, मग एकमेकांना धरून राहण्याला किंमत काय उरली? मला तर वाटतं, आताच ती कळायला लागली. नणंद सोबत असताना तू विहिरीवरून सरळ घरी आलीस, यात तुझं मन कसं होतं ते कुणाला कळलं? कुणाला कळून घ्यायचंही नव्हतं.

माझंच घे. आपल्या घरातली चाकरमानी आता मी. हे तिकडे बाग आणि मुलाची शाळा बघतात. गेल्या मे महिन्यात मी आले होते, तेव्हा तुझ्याच ओटीवर शेजारची काकू ह्यांना म्हणाली, 'बायको एकटी तिकडे, झोप लागते का रे तुला?' मला मात्र कुणी विचारलं नाही, की नवरा एकटा इकडे, तुला झोप लागते का. लागते, काकूला सांग. रोज फोन लावतो. हे तो डब्यांच्या फळीवर टेकवून ठेवतात आणि बांगडे साफ करत बसतात, मी इथे गणवेशाला इस्त्री करते. बोलणं असतंच असं नाही. खवले उडून फोनच्या काचेवर चिकटतात, मग मला अर्धेच हे दिसतात.

एक गोष्ट तुला लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते. इथल्या एका डॉक्टरने मला बाहेर जेवायला बोलावलं होतं. त्याच रात्री मी ह्यांना सांगितलं. हे जरा वेळ गप्प. मग म्हणाले, 'गेलीस?' नाही म्हटलं. 'जावंसं वाटलं?' मी म्हटलं, 'बोलायला माणूस हवं होतं, तेवढं वाटलं.' दुसऱ्या दिवशी मी कामाला निघायच्या आधीच ह्यांचा फोन. एरवी सकाळी हे बागेतून बाहेर येत नाहीत. काय बोललो म्हणशील तर पेट्यांचा भाव आणि मुलाचं गणित. माणसाच्या मनात दुसरं काही येतच नाही, असं मी कधी म्हणणार नाही. आलेलं मला घरी सांगता आलं आणि ह्यांना ऐकता आलं, आमचं लग्न त्यावर उभं आहे.

आणि दादा? दोन वर्षं तो 'ओव्हरटाइम' म्हणत होता. वहिनी मला काय म्हणाली ऐक. 'वन्सं, बाई आहे याचं एक दुःख. पण ओव्हरटाइम आहे म्हणून मी डब्यात चार पोळ्या जास्त घालायचे. त्या कोण खात होतं?' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुझ्याकडे आहे का? असेल तर फोन तू कर.

तिने यंदा वडाला दोरा गुंडाळला नाही म्हणून तू चिडलीस, हे मला आईकडून कळलं. असू दे. या जन्माचा हिशेब आधी मिटू दे, पुढच्या सहांचं नंतर बघू. आणि दादाने कधी कुठल्या झाडाला काय गुंडाळलं होतं, तेही एकदा आठवून बघ.

वहिनीने संसार मोडावाच, असं माझं म्हणणं नाही. ती परत गेली तरी मी तिला नाव ठेवणार नाही, नाही गेली तरी नाही. ते तिचं ती ठरवेल. पण तिने ठरवावं असं वाटत असेल तर दादाला सांग, आधी तिकडचं पुरतं मिटव, आणि मग खेडला तिच्या माहेरी एकटा जा. भावकीतले चार जण आणि नारळ घेऊन नव्हे. तिच्या बापासमोर ओटीवर बसून काय झालं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं, आणि ती जे विचारेल त्याचं उत्तर द्यायचं. पनवेलच्या खोलीची एक किल्ली तिच्याकडे राहू दे. तिची शिलाई मशीन तिथे आहे, गिऱ्हाइकांची ब्लाउजं अडली आहेत, तिला येऊन नेता आली पाहिजेत. गावकीची बैठक मात्र बसवू नकोस. तिथे शेवटी तिचंच कसं चुकलं यावर सगळ्यांचं एकमत होतं, तू पाहिलेलं आहेस.

आणखी एक. तिच्या आईने लग्नात घातलेल्या पाटल्या तुझ्या कपाटात आहेत. सांभाळायला म्हणून ठेवल्या होत्यास, मला माहीत आहे. पण आता दादा त्यांच्याकडे 'असू दे इथेच, मग येईल की' या नजरेने बघतो आहे. त्या तिला नेऊन दे, तुझ्या हाताने. ह्यांच्याशी मी बोलले आहे, रविवारी ते गाडी घेऊन येतील. पावसात एसटीने जाऊ नकोस, गेल्या वेळी भिजून आठवडाभर खोकत होतीस. बीपीची गोळी सकाळचीच घ्यायची, आठवली की घ्यायची नाही.

तुझी भाची