विकत घेऊन बाजूला ठेवलेले औषध

कंपन्यांच्या विलीनीकरणामुळे संशोधनाला बळ मिळते, असे मांडणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. पैसा वाढतो, हे मान्य. पण तो संशोधनावर खर्च करण्याची निकड स्पर्धकामुळे येते, आणि स्पर्धकच विकत घेतला तर? लेखात हा मुद्दा आलेलाच नाही.

अमेरिकेतील तेव्हाच्या क्वेस्टकोर कंपनीचे ‘अ‍ॅक्थार’ हे तान्ह्या मुलांच्या आकडीवरील अतिशय महागडे औषध. त्याला टक्कर देऊ शकेल अशा ‘सिनॅक्थेन डेपो’चे अमेरिकेतील हक्क या कंपनीने २०१३ मध्ये घेतले. मक्तेदारी टिकवण्यासाठीच हा सौदा झाला, असा आरोप तेथील फेडरल ट्रेड कमिशन या बाजारातील स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने ठेवला. २०१७ मध्ये १० कोटी डॉलर भरून आणि सिनॅक्थेनचा परवाना दुसऱ्या कंपनीला देऊन प्रकरण मिटले. दरम्यानची वर्षे रुग्णांची गेली, ती कोण भरून देणार?

त्याच वर्षी डाऊ आणि ड्युपाँट या अमेरिकी रसायन कंपन्यांच्या विलीनीकरणाला मंजुरी देताना युरोपीय आयोगाने ड्युपाँटच्या कीटकनाशक व्यवसायाचा मोठा भाग संशोधन विभागासह विकण्याची अट घातली. नियामकांनी बाजारहिश्शाइतकीच प्रयोगशाळांचीही मोजदाद करावी, ती अशी. आणि सौदा होण्यापूर्वी.